अकरा बॅटऱ्यांतल्या दोन

बाबा,

खुर्चीतच तुमचा डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. चहा थर्मासमध्ये आहे. काल दुपारी लाइट गेली ती अजून आलेली नाही, पण अंथरुणाला खिळलेल्या आईंच्या हवेच्या गादीचा पंप एकदाही थांबला नाही. मघाशी सोलरच्या दोन्ही बॅटऱ्यांना तुमचं मीटर लावून पाहिलं, तर दोघींवर एकच आकडा!

गेल्या महिन्यात मी नवी कोरी बॅटरी आणली, हाताला लागली त्या जुन्या बॅटरीला जोडली, आणि पहाटे आई सपाट गादीवर पडलेल्या दिसल्या. जुनी रिकामी, नवी अजून भरलेली; जोडीतली एक संपली की पंप बंदच. तुम्ही लगेच कामाला लागलात. कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेल्या अकरा बॅटऱ्या आणल्यात, आणि रोज एकीला तोच एक बल्ब लावून तो किती तास जळतो ते बघत बसलात. मी हसले. "सासरे दिव्याची राखण करतायत," असं शेजारणीला सांगितलंसुद्धा. तुम्ही ऐकलं असणार.

अकरांतून बरोबरीनं दमणाऱ्या दोघी शोधून काढल्यात तुम्ही! टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीत जन्म काढला म्हणजे काय, ते मला आज कळलं.

आत्ता कपाटात माझी ती नवी दिसली. पुसून ठेवलेली, वर तुमच्या अक्षरात पट्टी: "सूनबाईची. हिच्या तोलाची मिळेपर्यंत जोडू नये."

तिचीच जोड आणायला दुकानात चाललेय. बल्ब काढून ठेवा. या वेळी तास मी मोजणार.