अकराचा गठ्ठा

॥ श्री ॥
वाशी, १४ जुलै १९९७

ती. बाबासो मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा कसा आहे? नऊ वर्षांची शाळेतली नोकरी सोडून मी जासईच्या कंटेनर यार्डात लागले म्हणून तुम्ही दोन महिने पत्र धाडलं नाहीत. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले, असं आईला म्हणालात तेही कळलं. पण मामा, शाळेचं वेळापत्रक मीच लावायची. कोणता तास कुठे अडकतो हे शोधण्यात मला शिकवण्याहून जास्त मजा यायची, हे आता कबूल करते. इथे तेच काम आहे. कागद कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो त्याचा नकाशा काढायचा आणि काम कुठे तुंबतं ते सांगायचं.

पहिल्याच घासाला खडा लागला. यार्डातल्या चारही साहेबांना त्यांच्या केबिनमध्ये विचारून मी झकास नकाशा काढला. त्यात गाडी अर्ध्या तासात गेटमधून आत जाते. तो भिंतीवर लावला तर ड्रायव्हर पोट धरून हसले. ही अर्ध्या तासावाली गाडी आमाला पण दाखवा मॅडम, म्हणाले. खरोखर गाड्या दुपारपर्यंत उभ्या असतात.

पंचवीस ऑगस्टला मोठ्या साहेबांपुढे मांडणी आहे. पटली तर नोकरी पक्की, नाही तर घरी. शाळेत माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्यासुद्धा. काय करू?

रागातही थोडा लोभ असू द्यावा.
तुमची भाची,
जयमाला

॥ श्री ॥
कोरेगाव, २२ जुलै १९९७

चि. सौ. जयमाला हिस अ. उ. आ.

राग गेला असं नाही, पण तू अडलीस म्हणून लिहितो. दुसऱ्याचं काम बघत बसायचा पगार मिळतो, हे इथे कुणाला सांगायची सोय नाही. भाची हापिसात आहे, एवढंच सांगतो. गुडघा कुरकुरतो, त्याची सवय झाली.

वेडे, काम कसं चालतं हे साहेबाला विचारायचं असतं का? तो सांगणार ते कसं चालावं ते. वीस वर्षं कांदा-बटाटा बाजारात हमालांची टोळी चालवली, पण गोणी कुठे अडली हे मला बसल्या जागी कधी कळलं नाही. सकाळी गेटवर जा, एकच कागद धर. तो चालला की चाल, थांबला की थांब. चहालासुद्धा त्याला सोडून जाऊ नकोस. चपला चांगल्या घाल.

मामीचा आशीर्वाद. ती माझ्यासारखी रागावलेली नाही.
तुझा मामा,
बाबासो

॥ श्री ॥
वाशी, ८ ऑगस्ट १९९७

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. तीन दिवस कागदामागे हिंडले. म्हणजे हिंडले कसली, गेटवरच बसले, कारण कागद तिथेच बसतो! गेटवरचे सुभाषभाऊ गाड्यांचे अकरा कागद जमल्याशिवाय गठ्ठा ऑफिसात नेत नाहीत, आणि तोवर गाड्या बाहेरच. दहा झाले तरी अकराव्या गाडीची वाट. विचारलं तर म्हणाले, अकरा शुभ असतात, कामाला बरकत येते. चार साहेबांपैकी कुणालाच याचा पत्ता नाही.

आता खरी अडचण. हे मांडलं तर मोठे साहेब सुभाषभाऊंना काढतील, असं सगळे सांगतात. न मांडलं तर मी जाते. हा माणूस रोज डब्यातली अर्धी भाकरी मला देतो आणि माझा नकाशा नीट व्हावा म्हणून देवाला हात जोडतो. रडू येतं हो.

आणि एक. ही रीत कुठे शिकलात म्हटलं, तर त्यांनी कानाच्या पाळीला हात लावून वाशीच्या बाजारातल्या त्यांच्या मुकादमाचं नाव घेतलं. मामा, ते नाव तुमचं आहे. मी तुमची भाची, हे अजून सांगितलेलं नाही.

लोभ असावा, आणि उत्तर लवकर यावं.
जयमाला

॥ श्री ॥
कोरेगाव, १४ ऑगस्ट १९९७

चि. सौ. जयमाला हिस अ. उ. आ.

आधी हसलो, मग लाज वाटली. सुभाष माझ्याच टोळीतला, गुणी माणूस. गाड्यांच्या चिठ्ठ्या वरच्या मजल्यावर ऑफिसात पोचवायचं काम माझं होतं. गोणीखाली गुडघा दुखावला तेव्हापासून जिना चढवेना. मुकादमाला जिना चढवत नाही हे टोळीला सांगायची छाती नव्हती. मग अकरा चिठ्ठ्या साचवून एकदाच चढायचो, आणि कुणी विचारलं की शुभ असतं म्हणून ठोकून द्यायचो. हे तुझ्या मामीलाही ठाऊक नव्हतं. आज तिला वाचून दाखवलं.

सुभाषला बोल लागता कामा नये. आधी त्याला हे पत्र दाखव. मग साहेबापुढे सरळ लिही की चूक बाबासो मुकादमाच्या गुडघ्याची. या वयात मला कोण कामावरून काढतंय?

घाबरू नकोस. माझा आशीर्वाद आता बिनरागाचा आहे.
मामा

॥ श्री ॥
वाशी, २७ ऑगस्ट १९९७

ती. मामांस सा. न. वि. वि.

पेढे घ्या, नोकरी पक्की झाली!

सुभाषभाऊंनी तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला वाटलं दुखावले, पण त्यांना हसू आवरत नव्हतं. मांडणीला स्वतः माझ्यासोबत आले. नकाशातल्या गेटच्या चौकोनाखाली मी लिहिलं होतं, अकराचा गठ्ठा, कारण बाबासो मुकादमाचा गुडघा आणि जिना. मोठ्या साहेबांनी ते मोठ्याने वाचलं आणि आपल्या यार्डात जिना कुठे आहे, असं विचारलं. कुठेच नाही. ऑफिस गेटपासून वीस पावलांवर! साहेबच हसले म्हटल्यावर सगळे हसले. आता कागद आला की लगेच जातो, आणि सुभाषभाऊ जागेवरच आहेत.

जाता जाता साहेबांनी विचारलं, हे शोधायला कुणी शिकवलं. मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी ते खाली स्वतःच्या हाताने लिहिलं. तेव्हा एकाच कागदावर तुमचं नाव दोनदा आहे मामा, चुकीलाही आणि उपायालाही.

सुभाषभाऊंनी तुमच्या गुडघ्यासाठी मालिशचं तेल दिलं आहे. एक बाटली पुरे म्हटलं, पण ऐकेनात. अकरा दिल्या आहेत.

लोभ आहे तो वाढू द्यावा, आणि भाची काय काम करते ते आता गावात खरं सांगावं.
तुमची,
जयमाला