आत्याच्या हातची वही

नुकुआलोफा, शुक्रवार

प्रिय फिलिमोने,

तू पाठवलेली कोनफळं पोचली. त्यातली दोन बोटीत दबली होती, ती आधी उकडून खाल्ली. कालोही पोचली, पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं. विचारलं तर म्हणाली, "आत्या, बाबा नको म्हणतात." मी निवृत्त होतेय आणि आरोग्यसेवकांच्या कॉलेजात माझ्या जागी तुझ्या लेकीची निवड झालीय. सोमवारी तिनं होकार कळवायचाय. आणि तू म्हणतोस, यंदा तिचा भाऊ सोआने त्याच वर्गात शिकायला बसणार, सख्खी बहीण भावासमोर बाळंतपणाचे धडे कसे देणार, त्यापेक्षा तिनं बेटावरच्या शाळेत पोरांना पाढे शिकवावेत. अरे, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. तू म्हणावंस?

आपल्यात बहीणभावानं असलं एकमेकांसमोर काढायचं नसतं. आपण दोघं समोरासमोर हे कधी बोललो नाही, बोलणारही नाही. म्हणून लिहिते.

तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. कॉलेजात शरीरशास्त्र शिकवणारी मी इथली पहिली बाई, नोकरीला जेमतेम सहा महिने झालेले, आणि तिसऱ्या रांगेत तू. सांगाडा झाला, हृदय झालं, पचन झालं, तोवर सगळं ठीक होतं. पुढचं प्रकरण उघडलं आणि माझी वाचाच बसली. सगळा वर्ग खाली मान घालून बसलेला. तू उठलास, माझ्याकडे न बघता बाहेर गेलास. त्या प्रकरणाचे आठ तास होते. ते चुकले तर तू नापास होणार, आणि मी ते टाळले तर माझी नोकरी जाणार, हे दोघांनाही कळत होतं. प्राचार्य तर म्हणालेच, "बाईमाणूस नेमलं की हे असं होतं." जणू पुरुष मास्तरांना बहिणी नसतात! या एवढ्याशा बेटावर कुणाच्याही वर्गात चार चुलत-मावस भावंडं निघतात.

मी रडत विका आत्याकडे गेले. ती अंगणात कापडासाठी झाडाची साल कुटत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "तुला बोलता येत नाही, लिहिता तर येतं ना? लिही. नाव घालू नकोस. माझ्याकडे दे." मी पहिला तास वहीत उतरवला. तिनं ती वही टोपलीत अळूच्या पानांखाली घालून तुझ्याकडे नेली. तिथं काय म्हणाली, ते तिनंच मला नंतर सांगितलं: "यात काय आहे मला ठाऊक नाही, ठाऊक करूनही घ्यायचं नाही. पण मी देतेय. वाचली नाहीस तर माझ्या मयताला येऊ नकोस." बापाची बहीण बोलली की आपल्यात कोण नाही म्हणतो?

चार दिवसांनी वही परत आली. मला वाटलं, तू नुसती वाचून धाडली असशील. उघडली तर समासात पेन्सिलीनं प्रश्न. एक मला तोंडपाठ आहे: "इथं घाई केलीय. मूल आडवं असेल तर काय करायचं ते लिहिलेलंच नाही. बेटावर मी एकटा असेन, कुणाला विचारू?" मला इतकी लाज वाटली. तुझ्यापुढे लिहायची लाज नव्हे, ती तर होतीच. मला कळलं की जिथं जिथं मी लाजले होते, तिथं तिथं मी कमी शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या म्हाताऱ्या सुईणीकडे जाऊन बसले, सगळं विचारून घेतलं, वहीत लिहिलं आणि मग वर्गातही तसंच सांगितलं. आठ तासांत वही आठदा गेली नि आठदा आली. त्याआधी मी पुस्तक वाचून दाखवणारी होते. मला मास्तरीण तुझ्या पेन्सिलीनं केलं, भावा. एकतीस वर्षं हे मनात ठेवलं, आज सांगते. तुझे उपकार आहेत माझ्यावर.

आणि तुझ्या बेटावर किती मुलं तुझ्या हातांवर जन्मली! त्यातलं एक आडवं होतं, हे तुझ्या बायकोनं मला सांगितलंय. कालोच होती ना ती?

तेव्हा ऐक. आता त्या दोघांची आत्या मी आहे. मी हुकूम सोडला तर तुझ्या घरात कुणी तोंड उघडणार नाही, हे तुलाही माहीत आहे. पण हुकमानं गेलेली पोर तुझ्याकडे वळून वळून बघत शिकवेल, ते मला नको. मी मागतेय. विका आत्याच्या ट्रंकेत ती वही सापडली. कव्हर वाळवीनं खाल्लंय, तुझे प्रश्न शाबूत आहेत, शेवटची चौदा पानं कोरी आहेत. ते आठ तास सोआनेला खुशाल बाहेर झाडाखाली बसू दे, कालोला आत शिकवू दे. मग प्रत्येक तास ती त्या कोऱ्या पानांवर लिहील, आणि वही मी सोआनेला नेऊन देईन. फक्त सोमवारच्या आत फोनवर होकार कळव, आणि सोआनेला बोटीत बसवताना त्याच्या खिशात एक पेन्सिल घाल. ती तुझ्या हातची असू दे.

तुझीच,
लुसिआने