उलटा पंखा

प्रिय ठिणगी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. रोज संध्याकाळी फोनवर बोलणारी आई एकाएकी टपालाने कशी आली? घाबरू नकोस. आम्ही दोघं अजून आपापल्या पायांवर उभे आहोत आणि भांडतोही आहोत. पत्राचं कारण सांगते, पण तुझ्या आईची खोड तुला माहीत आहे. मुद्द्यावर येण्याआधी ती सभा तापवून घेते.

तर बातमी अशी, की आपल्या निळ्या गाडीला इंजिन बसलं. जुनं इंजिन गेल्या वर्षी कायमचं झोपलं, तेव्हा मी म्हटलं होतं, द्या आता भंगारात. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तुलाच भंगारात द्यायला सांगितलं. मग कुठल्याशा अपघातात मागून चेपलेल्या मालवाहू व्हॅनचं इंजिन त्यांनी पैदा केलं. जुन्यापेक्षा दांडगं आणि चांगलंच लांब. शेजारच्या सुताराने विचारलं, हे काय चाललंय, तर म्हणाले, "गाढवाच्या छातीत घोड्याचं काळीज बसवतोय." सुतार म्हणाला, "गाढवाला विचारलंत का?" बाबा आठवडाभर हसत होते. त्यांना असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून मीही भंगाराची भाषा सोडली.

इंजिन आत गेलं खरं, पण पुढे सरकून बसलं. ते आणि रेडिएटर यांच्यामध्ये चार बोटं जागा उरली. जुना पंखा इंजिनाच्या नाकावरच फिरायचा. आता तिथे मुंगीला अंग चोरून जावं लागेल. आणि पंख्याशिवाय गाडी म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. गॅरेजातल्या शिकाऊ पोरांना बाबा जे वाक्य पहिल्या दिवशी ऐकवायचे, ते तू बोबड्या बोलात म्हणून दाखवायचीस: चालत्या गाडीला पंखा लागत नाही, तिला समोरून वारा मिळतो, पंखा लागतो तो थांबलेल्या गाडीला.

हे वाक्य माझ्याइतकं कोणाला कळलं नसेल. संपाच्या दिवसांत मी कारखान्याच्या फाटकासमोर पेटीवर उभी राहून बोलायचे, आणि बाबा हीच गाडी इंजिन चालू ठेवून कोपऱ्यावर घेऊन थांबायचे. मालकाची माणसं अंगावर आली तर पळता यावं म्हणून. माझं भाषण लांबायचं. कधी लांबलं नाही ते सांग! घसा खरवडून मी ओरडायचे, "मागून मिळते ती भीक, हिसकावून घेतो तो हक्क!" आणि टाळ्या थांबल्या की गर्दीच्या पलीकडून त्या पंख्याची घरघर ऐकू यायची. तो आवाज ऐकला की मला बळ यायचं. घरी येताना ते म्हणायचे, "पुढारीणबाई, आज तुमच्यापेक्षा माझा पंखा जास्त बोलला." त्या चळवळीचा इतिहास कोणी लिहिला तर त्यात माझं नाव येईल, पंख्याचं येणार नाही. इतिहास असाच लिहिला जातो, आणि म्हणूनच तो अर्धा खोटा असतो.

आता बाबांनी एकच ध्यास घेतला आहे. ही गाडी स्वतः चालवत घाट चढायचा आणि तुझ्या दारात उभी करायची. दुसरं काही बोलत नाहीत. मी अट घातली: गाडी आपल्या दारात अर्धा तास चालू उभी राहू दे. तापली नाही तर मी बसेन, आणि मी बसले नाही तर तुम्हीही जायचं नाही. त्यांनी हसून मान्य केलं. कारागिराला अट म्हणजे आमंत्रणच. पण ठिणगे, ती अट मी गाडीसाठी घातली नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी सुताराची गाडी घेऊन आम्ही नव्या पंख्यांसाठी सुट्या भागांच्या बाजारात गेलो होतो. परतताना आपल्या घराच्या अलीकडच्या चौकात हिरवा दिवा लागला, आणि बाबा थांबूनच राहिले. मागून भोंगे, शिव्या. मला वाटलं, गाडी बंद पडली. इंजिन तर चालू होतं. भाजीत मीठ किती घालू विचारावं, इतक्या सहज त्यांनी मला विचारलं, "आता कुठे वळायचं?" मी म्हटलं, डावीकडे. त्यांनी गाडी डावीकडे वळवली आणि दारात नीट लावली. नंतर मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हे थांबणार नाही, वाढत जाईल; गाडी चालवणं आता बंद. मी वाद घातला. पुस्तकांतले दाखले दिले, आकडे विचारले, आवाज चढवला. मालकांना आणि मंत्र्यांना निरुत्तर केलेली बाई मी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. तो ग्लास पाहिला आणि मला कळलं, ही सभा आपण हरलो. तुला फोनवर एवढंच सांगितलं की हल्ली विसरतात. फोन स्पीकरवर असतो आणि बाबा शेजारी बसून तुझा शब्द न् शब्द ऐकत असतात. आणखी काय सांगणार होते?

त्यांना कळत नाही असं समजू नकोस. इंजिनाच्या सगळ्या नळ्यांवर त्यांनी खडूने बाण काढून ठेवलेत. पाणी इकडून येतं, तिकडून जातं. मी विचारलं, हे कोणासाठी? म्हणाले, "तुझ्यासाठी, मदतीला उभी राहतेस ना." मीही मान डोलावली.

पंखे त्यांनी आणले ते पातळ, चपटे, विजेवर चालणारे, एकाऐवजी दोन. मागे मावेनात, म्हणून रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या आत बसवायचे ठरले. यात एक मेख आहे. मागचा पंखा वारा ओढतो. तोच पुढे आणला की त्याचं तोंड फिरतं, मग त्याने वारा ढकलायला हवा. त्यासाठी पाती काढून उलटी बसवायची आणि मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करायची. हे बाबांनीच मला समजावलं, तेही इतकं सोपं करून, की असं बोलता आलं असतं तर मी निवडणूक जिंकले असते. त्यांचा हात त्या फटीत जाईना, म्हणून आतले नट मी आवळले. उभा जन्म हवेत उगारलेला हात शेवटी कुठेतरी उपयोगी पडला, असं म्हणाले. मी पाना उगारला तेव्हा पळाले.

सकाळी पहिला पंखा बसला. चालू करून त्यांनी जाळीसमोर कागदाचा कपटा धरला. पंख्याने तो आत खेचून जाळीला चिकटवला. बरोबर. मग जेवण झालं, जरा पडले, आणि दुपारी दुसरा पंखा बसवायला घेतला. पाती उलटी बसवली. तारा मात्र होत्या तशाच जोडल्या. कपटा धरला, आणि तो फडफडत त्यांच्या तोंडावर आला. बाबा मुलासारखे हसले. "बघ, काय वारा मारतोय!" म्हणाले. तो गरम वारा अंगावर घेत डोळे मिटून उभे राहिले. एक पंखा वारा आत ढकलतोय, दुसरा तोच ओढून बाहेर फेकतोय, आणि ज्या माणसाने अर्ध्या शहराला हे शिकवलं तो समोर उभा राहून खूश होतोय. चुकीचं वाक्य ऐकून मी आयुष्यात कधी गप्प बसलेली नाही. तुझ्या लग्नातसुद्धा नाही. त्या दिवशी माझ्या तोंडाला कुलूप लागलं.

मग गाडी दारात उभी करून सुरू केली. तापमानाचा काटा चढत गेला, चढत गेला, आणि झाकणाखालून वाफ आली. त्यांनी इंजिन बंद केलं. नळ्या चाचपल्या, बाण बघितले, बोटाने बाणांमागून गेले. मग स्टुलावर बसले आणि हातातला पाना उलटसुलट करत मला विचारलं, "माझं कुठे चुकलं गं?" मला माहीत होतं कुठे चुकलं. आणि गप्प बसणं किती सोयीचं आहे, हेही माहीत होतं. गाडी तापत राहील, अट पुरी होणार नाही, घाट दूर राहील, माणूस घरात सुखरूप राहील. कोणाच्या हातून काही हिसकावून घ्यावं लागणार नाही. दोन तारांना हात लावायचा नाही, एवढंच करायचं.

ते रोज बोनेट उघडायचे, बघायचे, बंद करायचे. जेवण कमी झालं. एका सकाळी म्हणाले, "दे बाई भंगारात. मला आता जमत नाही." हे वाक्य मी ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी पेटलं. ज्याला त्याला त्याच्या कामाचा मान मिळावा म्हणून मी जन्मभर घसा फोडला, आणि माझ्याच घरातला कामगार मी एका चुकीच्या जोडणीखाली गाडून टाकणार? सुरक्षित ठेवते म्हणून? मालकही असंच म्हणायचे, तुमच्या भल्यासाठीच. दुपारी ते झोपले, तेव्हा मी बोनेट उघडलं, फटीत हात घातला आणि त्या दोन तारा अदलाबदल करून जोडल्या. मनगट सोलवटलं. त्यांनी संध्याकाळी विचारलं, काय लागलं? म्हटलं, कपाटाचं दार.

त्या संध्याकाळी गाडी अर्धा तास दारात उभी होती. काटा मध्यापर्यंत आला, दोन्ही पंखे एकदम घरघरले, आणि काटा तिथेच थांबला. मला फाटक आठवलं, पेटी आठवली. बाबा सुताराला हाक मारून सांगत होते, "पहिल्या झटक्यात! एकदासुद्धा तापली नाही!" वाफ, स्टूल, भंगार, काही त्यांच्या लक्षात नव्हतं. सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, पहिल्या झटक्यात.

आता अट पुरी झाली आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी निघायचं त्यांनी ठरवलंय, टाकी भरून ठेवलीय, तुला चकित करायचं म्हणून फोनवर गप्प आहेत. तो घाट, ती वळणं, आणि आता कुठे वळायचं ते विचारणारे बाबा. चावी मला घेता येईल, खुंटीवरच असते. पण मी घेतली तर ते हिसकावणं होईल, आणि ज्याच्याकडून हिसकावलं जातं त्याचे डोळे मी फार पाहिलेत. म्हणून तू ये. त्या रविवारच्या आधी ये. गाडीभोवती फेरी मार, पंखे कुठे बसवलेत ते विचार, त्यांना सगळं सांगू दे, मध्ये दुरुस्ती करू नकोस. आणि मग म्हण, बाबा, ही गाडी मला द्या. मागून मिळते ती भीक, असं मी हजारो माणसांना सांगितलं. तुझ्यापुरतं ते मागे घेते. तू माग, म्हणजे त्यांना देता येईल. मग तू गाडी चालव, ते तुझ्या शेजारी बसतील, मी मागे बसेन आणि घाट संपेपर्यंत भाषण करणार नाही. चढावर कुठे थांबावं लागलं तर घाबरू नकोस. पंखे आता दोन्ही एकाच बाजूला वारा देतात.

तुझीच, कधी नव्हे ती हळू आवाजात बोलणारी,
आई