फळीपलीकडचं पाणी

४ मे
हिमनदीचा अभ्यास करणाऱ्या जावयाने काम दिलं. रोज सकाळी फळीवरून ओढा ओलांडायचा, पलीकडे हिमनदीतून सुटणाऱ्या धारेत चिमुकली बाटली बुडवायची. आत बुडबुडा नको, झाकण घट्ट, वर तारीख. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढलेल्या माणसाला हा पाणी भरायला शिकवतो!
मुलगी म्हणाली, बाबा, हे नीट जमलं तर थंडीतही इथेच राहा, शेगडीजवळची खोली तुमची. नाहीतर धाकट्या काकांकडे जावं लागेल. धाकट्याकडे म्हणजे दिवसभर ओरडणारा टीव्ही आणि त्याला चिकटून माझी खाट. त्यापेक्षा हिमनदीत पुरा.
संकल्प: एकही दिवस चुकवायचा नाही.

५ मे
बाटली भरली. फळी हलते.

९ मे
जेवताना जावयाचं व्याख्यान. म्हणे पाण्यात थोडं जड, थोडं हलकं असतं, त्याला आयसोटोप म्हणायचं. यंदाच्या बर्फाचं पाणी वेगळं, हिमनदीच्या जुन्या बर्फाचं वेगळं, पावसाचं वेगळं. बाटली यंत्राला पाजली की कळतं, हिमनदीच्या पोटातून कुठलं पाणी कधी निघालं आणि किती मोठ्या वाटेने. मी मान डोलावली. तो उठल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोन तारखांच्या बाटल्या ठेवल्या. वजन सारखंच. एवढं शिकून थापा मारतो.

२ जून, सकाळ
ऊन तापलंय, ओढा फुगलाय. फळी ओली. मध्यापर्यंत गेलो आणि परत आलो. भीती नाही. फळीची नियत ठीक नाही.

३ जून
बसून, सरकत सरकत ओलांडली. कोणी पाहिलं नाही. पँट मागून घासून फाटली. गेलोच होतो तर आठवड्याच्या सगळ्या बाटल्या एकदम भरून आणल्या. ओढा तोच, पाणी तेच. पंपावर आम्ही रीडिंग असंच लिहायचो, शहर काही तहानेने मेलं नाही.

१३ जून
जावई डोकं धरून बसलाय. आठवडाभर पाणी तसूभरही बदललं नाही म्हणे. या दिवसांत ते रोज बदलतं, बर्फाखाली नव्या वाटा फुटतात. शेवटी यंत्रच खोललं. मी म्हणालो, यंत्रं अशीच असतात. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. आईवर गेलीय.
संकल्प: पाण्यात विविधता आणायची.

२० जून
पाऊस. छपराच्या पन्हळीखालच्या पिंपातून काही बाटल्या भरल्या. एक नळाची. एक फ्रिजमधला बर्फ वितळवून, कारण बर्फ तो बर्फ. तारखा मात्र सुंदर अक्षरात घातल्या. कामात टाळाटाळ मला खपत नाही.

५ जुलै
जावई हवेत! पावसाचं पाणी हिमनदीतून कुठेही न मुरता थेट बाहेर पडतंय, म्हणजे पोटात मोठा बोगदा उघडलाय म्हणे, तोही कधी नव्हे इतक्या लवकर. त्याने त्याच्या सरांना फोन केला, सर येणार आहेत. सगळ्यांदेखत म्हणाला, बाबा, हे तुमच्यामुळे. मुलीने शेगडीजवळच्या खोलीला पडदे लावले.
मुलगा गुणी आहे. मी त्याला कधीच नावं ठेवली नाहीत.

१४ जुलै
सर आले. काडीसारखा माणूस, घास मोजून खातो. सगळे आकडे पाहिले आणि एवढंच विचारलं की घरातलं पाणी यंत्रात घालून पाहिलंय का. नुसतं तुलनेसाठी. जावई नळाची बाटली भरून आला. सर म्हणाले, ते पिंपही घ्या. मी म्हणालो, पिंप घाण आहे, शेवाळ आहे, बेडूक आहे. सर म्हणाले, असू दे.
हा माणूस मला पहिल्यापासूनच आवडला नव्हता.

१५ जुलै
जावई ओरडला नाही. ओरडला असता तर माझं उत्तर तयार होतं. कागदावर बोट ठेवून म्हणाला, बाबा, आमची हिमनदी आपल्या छपरावरून वाहतेय. थोडी फ्रिजमधूनही. मग म्हणाला, यंदाचं पाणी वाहून गेलं, ते काही परत येणार नाही. दोन वर्षं या उन्हाळ्याची वाट पाहिली होती. आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.
मी म्हणालो, चूक पिंपाची आहे.
मुलगी म्हणाली, बाबा, तुमच्या पँटी मीच धुते. फळीची भीती वाटत होती तर सांगायचं होतं ना. दोन खांब, एक दोर. ह्यांनी अर्ध्या तासात कठडा केला असता.
भीती? मला? दार लावून घेतलं. पडदे बरे आहेत. जरा आखूड आहेत.

१७ जुलै
सामान बांधलं. मुलीने बांधलं. खिडकीतून फळी दिसते. जावई पलीकडे जाऊन बाटली भरून आला. चालत गेला, कशालाही न धरता. मी पूर्ण वेळ बघत होतो. उगाच.

२९ जुलै, धाकट्याकडे
टीव्ही चालू. धाकटा अजून विचारतो, दादा, एवढ्यात कसा आलास? म्हणालो, संशोधन संपलं.
न्हाणीघराला उंच पायरी आहे, कायम ओली. आजच धाकट्याला सांगितलं, इथे धरायला दांडी बसवून घे. तो म्हणाला, कशाला, तू घाबरतोस का?
म्हणालो, तुझ्यासाठी सांगतोय.