राखेतली तूर

रामटेक, १२ मे

ती. करुणाताईस भीमराजचा जय भीम.

तक्रार गंभीर आहे. तू पाठवलेल्या तुरीच्या गाठोड्यातल्या राखेनं माझा पांढरा सदरा आणि संस्कृतचा शब्दकोश, दोन्ही राखाडी केले. यज्ञातही इतकं भस्म पदरी पडत नाही.

मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे? तुरीच्या घुगऱ्या केल्या, शेजाऱ्यांना वाटल्या. वाट्या चाटूनपुसून परत आल्या.

काल सेनगावहून भाऊजींचा फोन आला. “खायची तूर इथंच हाय, मंग बियाची कुटं गेली? तुही ताई सारं घर हुडकून राहिली.”

मी म्हणालो, “आसंल तिथंच.”

फोन ठेवल्यावर राख आठवली. राख लावून ठेवतात ते बी, हे एवढं शिकूनही मला सुचलं नाही. तुझ्या हातून गाठोडी बदलली होती.

बाहेरच्या देशांतली तूर बिनजकातीची येऊ लागली, भाव पडले आणि गावानं सोयाबीन धरलं. आजीची ठिपक्यांची तूर एकट्या तुझ्याच बांधावर उरली होती.

राख चाळून सतरा दाणे निघाले, ते सोबत आहेत. बाकीचं बी मी खाल्लं, ताई. हे सतरा उगवले नाहीत तर ती तूर कुठंच राहणार नाही, याची मला भीती वाटते.

तुझा धाकटा,
भीमराज