हात न लावता

प्रिय सुनेत्रा,

एकाच शहरात, दीक्षितपुऱ्यातून चेरीतालला पत्र पाठवणारा नवरा पाहून पोस्टमन हसेल. हसू दे. फोन केला की शकु तो स्पीकरवर टाकते, आणि मेहुणीच्या देखत मला मनासारखं भांडता येत नाही.

आपला जिना तुझ्या गुडघ्यांना सोसेना, म्हणून तू बहिणीकडे गेलीस. तिच्या शेजारीच व्यायामाचा वर्ग आहे. सगळं मान्य. पण रोज फोनवर मुरलीधरजी काहून? मुरलीधरजी म्हणतात, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची. मुरलीधरजी म्हणतात, मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशीही ठणकलं तर व्यायाम कमी करायचा, हेही तेच म्हणतात. मी इतकी वर्षं 'जरा चालत जा' म्हणून राहिलो होतो, तेव्हा तुला नेमकी डाळ निवडायची असायची. त्यांच्यापाशी पदवी आहे, रंगीत रबरी पट्टे आहेत. माझ्यापाशी काय, तर तिळाचं तेल.

परवा मी तुला सांगितलं की सराफ्यात गर्दी होती, दुरुस्तीला टाकलेले तुझे डूल मिळाले नाहीत. मिळाले होते. ते घेतले आणि थेट तुझ्या वर्गाच्या दाराशी आलो. तू खुर्चीत बसली होतीस, दोन्ही हातांची घडी छातीवर. हळूहळू उठलीस, कशालाही न धरता. मुरलीधरजी म्हणाले, "बहुत अच्छा, सुनेत्राजी. अब हाथ की जरूरत नहीं." आणि तू अशी हसलीस की ते हसू आपल्या घरात शेवटचं कधी पाहिलं, ते मला आठवेना. मी डूल खिशात घालून तसाच परतलो. वाटेत आधी त्या माणसाचा राग आला, मग त्या खुर्चीचा.

चारचौघांत काय, घरातही एकमेकांचा हात धरणारी माणसं आपण नव्हेच. पण तुझे गुडघे दुखायला लागल्यापासून पलंगावरून उठताना तू न बघताच हात पुढे करायचीस. मी पेपर टाकून, कुरकुरत यायचो. कुरकुर खोटी होती, सुनेत्रा. तेवढाच तर तुझा हात हातात यायचा. तू बरी हो, जिना एकटी चढून ये. व्यायाम इथेही सोडू नकोस, टॉवेल मी गुंडाळून देईन. फक्त उठताना, गरज नसली तरी, अधूनमधून हात पुढे कर.

पेपर खाली ठेवून बसलेला,
तुझाच
रामकृष्ण