अर्ध्या बोटाएवढी फीत

ऑर्हूस, शनिवार सकाळ

प्रिय विबेके,

हातानं लिहितोय, माझं अक्षर तुला कधीच लागत नाही हे माहीत असूनही. फोन तीनदा उचलला आणि तीनदा खाली ठेवला. एका बाबतीत मी तुझ्याशी पहिल्या दिवसापासून खोटं बोलत आलोय, आणि फोनवर ते खोटं पुन्हा आपोआप तोंडातून निघेल अशी भीती वाटली. काल सकाळी साडेदहापासून मला दुसरं काही सुचत नाही. दोनदा कॉफी केली, दोन्ही वेळा ओट्यावरच गार झाली. मला काही झालेलं नाही. डावा कान वाजायचा तो वाजतोच आहे, बाकी प्रकृती ठणठणीत. पण मी हादरलोय, आणि तूही हादरणार आहेस, म्हणून हे पत्र आधी खाली बसून वाच.

सुरुवात लोनेपासून झाली. लोने म्हणजे माझ्या रेकॉर्ड कंपनीतली ती उंच बाई, आपल्या लग्नात केकवर बसली होती ती. तिचा गेल्या आठवड्यात फोन. म्हणाली, "एस्बेन, त्या गाण्याला पंचवीस वर्षं झाली. तेव्हा नाचणाऱ्यांची पोरं आता त्यावर नाचतात. तूच ते उसव आणि तूच परत शिव, आपण नव्यानं काढू." उसव आणि शिव. हे ऐकलं आणि मला तुझे बाबा आठवले. आक्सेल मला शिंपी म्हणायचे ना? पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं की तू नक्की करतोस काय, आणि मी सांगत बसलो की लोक मला आपलं गाणं तुकड्या तुकड्यांत पाठवतात, आवाज वेगळा, ढोल वेगळे, आणि मी त्यातलं थोडं ठेवून बाकी नवं करतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याची विजार आखूड करून देतोस." तू इतकी हसलीस की हेरिंग माशाचा तुकडा घशात अडकला.

खरं तर त्यांनी दोन शब्दांत माझी सगळी कारकीर्द सांगितली होती. होल्स्टेब्रोत आईच्या धुण्याच्या खोलीत एक ढोल वाजवणारं यंत्र आणि आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणारा एक सँपलर घेऊन बसणारा मी, पुढे बर्लिन, टोकियो, साओ पावलो फिरलो, चाळीसेक मोठ्या गायकांच्या विजारी आखूड केल्या. एवढं करून लोकांना माझं एकच गाणं आठवतं, आणि त्या गाण्यातही माझं काय, तर खालचा ठेका. वरचा आवाज माझा नाही. चिमणीसारखा, पातळ, घाईचा एक आवाज, "अजून आहेस ना तिथे?" एवढंच विचारणारा. मी वाजवणं थांबवायचो आणि हजार माणसं एका आवाजात उत्तर द्यायची, "आहे." तूही त्यातच होतीस, पहिल्या रांगेत, पिवळ्या रेनकोटमध्ये. नंतर बाहेर सायकलचं कुलूप काढता काढता तू मला विचारलंस, "ती बाई कोण आहे रे?"

मी म्हणालो, कोपनहेगनची एक मुलगी, तासाभरासाठी बोलावली होती. ते खोटं होतं. दुसऱ्याच्या फितीवरून उचललेला आवाज आहे म्हटलं तर वकील मागे लागतात, म्हणून आम्ही सगळेच तेव्हा असं काहीतरी सांगायचो. पण तू विचारतच राहिलीस. वर्षातून एकदा तरी, भांडी पुसताना, गाडीत, आजारी असताना. मग मी तिला नाव दिलं, कारिना. मग तिला ऑस्ट्रेलियाला पाठवली. तू म्हणायचीस, "त्या बिचारीला नाताळचं कार्ड तरी पाठव, तुझं घर तिच्या जिवावर चाललंय." पुढे पुढे मी तुझ्यावर चिडायला लागलो. तुला माझ्या ठेक्यात काडीचा रस नाही, त्या बाईतच आहे, असं मला वाटायचं. आपण वेगळे झालो त्याची कारणं पुष्कळ होती, पण त्या भांडणांत कारिना किती वेळा आली ते तुलाही आठवत असेल.

आता खरं सांगतो. ते गाणं केलं त्या हिवाळ्यात मी लेमविगला एका शाळेच्या नाचाला गाणी वाजवायला गेलो होतो. हो, तुझ्याच लेमविगला. तू तेव्हा मला माहीतही नव्हतीस. चर्चमागच्या जुन्या सामानाच्या दुकानात एका खोक्यात आवाजाच्या फितीची बारा रिळं मिळाली. घरगुती, वापरलेली, कुणीतरी घर रिकामं करताना देऊन टाकलेली. मला नव्या फिती परवडायच्या नाहीत, म्हणून मी अशा जुन्या घ्यायचो, त्यात काही कामाचं सापडलं तर उचलायचो आणि उरलेल्यावर माझे ढोल भरायचो. आणि एक गोष्ट तुला कधीच नीट सांगितली नाही, कारण यंत्रांचा विषय निघाला की तू जांभया द्यायचीस. माझ्या त्या सँपलरमध्ये जेमतेम अकरा सेकंद मावायचे. त्यामुळे आम्ही फीत दुप्पट वेगानं पळवून आत भरायचो, म्हणजे बावीस सेकंदांचा माल अकरात बसायचा, आणि मग आत हळू करायचो. या वेळी मी तो आवाज जेमतेम शब्द कळण्याइतकाच हळू केला, कारण ती चिमणी मला तशीच आवडली. मधले चार सेकंद कापून घेतले. आधीची आणि नंतरची चिवचिव गाण्यात घेतली नाही. खऱ्या वेगात ती बाई कशी बोलते, हे मी आयुष्यात एकदाही ऐकलं नाही.

काल सकाळी ऐकलं. सँपलरमध्ये भरलेलं तेव्हा ज्यांवर उतरवून ठेवायचो त्या जुन्या फ्लॉपींचा डबा लोनेच्या कामासाठी काढला, माझी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या हेनिंगकडून त्या वाचणारं यंत्र उसनं आणलं. हेनिंग म्हणाला, "आधी सगळं मूळ वेगात आण, मग काय उसवायचं ते उसव." मी आणलं. फ्लॉपीवर पूर्ण अकरा सेकंद होते, म्हणजे बावीस. एक बाई, तिशीची असेल, आवाज चांगला भारदस्त, बोलणं आपल्या पश्चिम किनाऱ्याचं. मागे घड्याळ. ती म्हणते, "विबेके, तो पाव खाली ठेव आणि इकडे ये. बाबांना सांग आज तळ्यावर काय केलंस." मग ती हसून म्हणते, "लाजतेय बघ. आक्सेल, अजून आहेस ना तिथे?" आणि मग अगदी जवळून, तोंड माइकला लावून, एक पोर म्हणतं, "मी बदकाला बूट दिला."

विबेके, मी खुर्चीवरून उठलो ते थेट बाहेर अंगणात गेलो, मोज्यांवर. तू बदकाला दिलेला तो लाल बूट. आक्सेल दर नाताळला भाजलेल्या बदकाच्या ताटासमोर सांगायचे ती गोष्ट. तुझ्या लहानपणाची तेवढी एकच गोष्ट ते सांगायचे आणि आईचं नाव त्यात कधीच यायचं नाही. तू मला पहिल्या वर्षीच म्हणाली होतीस की आईचा चेहरा फोटोत आहे, स्वेटर अजून आहे, पण आवाज काही केल्या आठवत नाही, त्या जागी नुसती भिंत लागते. ती गेली तेव्हा चार वर्षांची होतीस तू. आणि मी तुझ्या शेजारी झोपून तुला कारिना सांगत होतो. आपल्या लग्नात तू तुझ्या आईच्या आवाजावर नाचलीस. मीच तो वाजवला.

आणि आक्सेल. तुला तो ईस्टरचा दिवस आठवतोय का, आपल्या स्वयंपाकघरात रेडिओवर ते गाणं लागलं होतं? त्यांनी काटा ताटात ठेवला आणि म्हणाले, "बंद करा ते." आणि बाहेर जाऊन सिगारेट ओढत बसले, सोडून दहा वर्षं झालेली असताना. आपण हसलो होतो. म्हाताऱ्याला आजचं संगीत सोसत नाही, असं मी म्हणालो. पुढे एकदा मी जुन्या आवाजांबद्दल काही बोलत असताना ते म्हणाले होते, "माणूस गेलं की आवाज ठेवून काय करायचंय." त्यांना कळलं होतं का? पळवलेला असला तरी स्वतःच्या बायकोचा आवाज होता तो. आता विचारायला ते नाहीत. ते ग्रीनलंडच्या बोटीवर असतानाच तुझी आई, सॉल्वाय, गेली, हे तू सांगितलं होतंस. लेमविगच्या बायका बोटीवरच्या नवऱ्यांना पत्राऐवजी फिती पाठवायच्या, हेही. ही फीत त्यांच्या हाती आधी पडली की नंतर, मला कळत नाही.

पुढचं लिहायला मला फार जड जातंय. तुझ्या आईनं ते सबंध रीळ भरलं असणार, पाऊण तास तरी. मी त्यातले चार सेकंद घेतले आणि बाकीच्यावर ढोल भरले. तू शिव्या घाल, त्या मला कमीच पडतील. दुपारी तळघरात जाऊन खोका शोधला. माझ्या अक्षरात लिहिलंय "ढोल ७". डब्याच्या तळाशी पेन्सिलीनं, पुसट, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातानं: "आक्सेलला, मार्च." मी ते रीळ लावलं आणि माझा तो धबधबाट पहिल्यापासून ऐकत बसलो, एकही क्षण पुढे न पळवता. त्याखाली तुझी आई काय काय सांगत होती, सर्दी, वारा, शेजारीण, तुझे दात, हे मनात येत होतं आणि मला स्वतःचाच ठेका ऐकवत नव्हता. पंचवीस वर्षं लोकांनी ज्यासाठी मला डोक्यावर घेतलं, तोच ठेका.

आणि चाळीसाव्या मिनिटाला तो मध्येच थांबला. त्या दिवशी मला बर्लिनची गाडी पकडायची होती, मी भरणं अर्धवट सोडून पळालो होतो, हे तेव्हा आठवलं. एक खट्ट असा आवाज झाला. मग घड्याळ. मग खुर्ची सरकली, आणि बोलायच्या आधी माणूस घेतं तसा एक श्वास. मी यंत्र बंद केलं. रिळावर गुंडाळलेली अजून अर्ध्या बोटाएवढी फीत उरलीये. पाच मिनिटं असतील, सातही असतील. त्यात काय आहे मला माहीत नाही, आणि विबेके, मी ऐकलेलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचं आधी मी ऐकत आलो, हे ऐकणार नाही. हेनिंग म्हणतो फितीवरचा आवाज धरणारा लेप सुटायला लागलाय, ती एकदा नीट वाजेल, दुसऱ्यांदाची खात्री नाही. म्हणून ती वाजेल तेव्हा तू समोर असायला हवीस, एवढ्यासाठी हे पत्र. लोनेला मी नाही म्हणून कळवलंय. त्या गाण्याचं पुढे काय करायचं ते तू ठरव, मी मोडता घालणार नाही. हो म्हणालीस तर यंत्र गाडीत घालून स्वेनबोर्गला येतो, तुझ्या टेबलावर मांडतो, बटण दाखवतो आणि बाहेर जाऊन थांबतो. तो एक श्वास मी ऐकला, त्याची माफी माग म्हणशील तर मागेन. त्यापुढचं सगळं तुझं आहे.

एकेकाळी तुझा, आणि या कामापुरता अजूनही तुझाच,
एस्बेन